एका पत्त्यावरची माणसं

हे वाचायला लागण्याआधी एक करा. फोनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन वाय-फायच्या नावावर बोट ठेवा. खाली कुठेतरी 'आयपी अ‍ॅड्रेस' दिसेल, आणि त्यापुढे बहुतेक १९२.१६८ नं सुरू होणारा आकडा असेल. आता ब्राउझर उघडून 'माझा आयपी अ‍ॅड्रेस काय आहे' असं शोधा. तिथे वेगळाच आकडा येईल. दोन्ही पत्ते तुमचे म्हणून दाखवले जातात. खरं तर दोन्ही तुमचे नाहीत.

पहिला पत्ता 'माजघरातलं कपाट' म्हणण्यासारखा आहे. घरातल्या माणसाला लगेच कळतो, पोस्टमनला त्याचा काही उपयोग नाही. १९२.१६८.१.५ हा पत्ता माझ्या पुण्यातल्या फ्लॅटमध्ये आहे, तुमच्याही घरी असेल, कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानातही असेल. असे काही आकडे १९९६ साली कायमचे बाजूला काढून ठेवले गेले. कुणीही घरात वापरा, कुणाची परवानगी नको, फक्त उंबऱ्याबाहेर नेऊ नका.

दुसरा पत्ता बाहेरच्या जगाला दिसतो. तुम्ही एखादं पान मागवता तेव्हा त्या मागणीवर 'कुणाकडे' आणि 'कुणाकडून' असे दोन्ही पत्ते लिहिलेले असतात. त्यातला 'कुणाकडून' नसेल तर उत्तर परत येणारच नाही. हा पत्ता तुमच्या इंटरनेट कंपनीला वापरायला मिळालेला असतो, आणि तिनं तो थोड्या वेळापुरता तुम्हाला दिलेला असतो. बऱ्याचदा त्याच क्षणी तो आणखी शंभर जणांनाही दिलेला असतो. मला त्या शंभर जणांबद्दल बोलायचं आहे.

*

इंजिनीअरिंगला कॉम्प्युटर नेटवर्क्सच्या पेपरात पत्त्यांचे वर्ग हमखास आठ मार्कांना यायचे. क्लास ए, क्लास बी, क्लास सी. कुठल्या वर्गाच्या एका तुकड्यात किती पत्ते बसतात, हा तक्ता आमचा तोंडपाठ. क्लास एच्या एका तुकड्यात १ कोटी ६७ लाखांहून जास्त पत्ते असतात. एवढा मोठा तुकडा कुणाच्या वाट्याला आला, हे मात्र पुस्तकात नव्हतं.

ते मला नोकरी लागल्यावर कळलं. सर्व्हरचे लॉग वाचताना १७ नं सुरू होणारे पत्ते वारंवार दिसायला लागले, म्हणून कुणाचे ते पाहिलं. १७ नं सुरू होणारे सगळेच्या सगळे पत्ते अ‍ॅपलचे निघाले. मग मी पूर्ण यादीच वाचत बसले. १९ फोर्ड मोटर कंपनीला दिलेला. ५३ मर्सिडीज-बेंझवाल्यांचा. ५६ अमेरिकेच्या टपाल खात्याला. १८ एमआयटी या विद्यापीठाला. अमेरिकेच्या संरक्षण खात्याकडे तर असे डझनभर तुकडे.

यात कुणी कुणाला फसवलेलं नाही. १९७७ च्या आसपास पत्त्याची लांबी किती ठेवायची यावर चर्चा चालली होती. व्हिंट सर्फ यांनी ३२ बिट ठरवून टाकले. त्यांच्या दृष्टीनं तो एक प्रयोग होता, आणि प्रयोगाला ४२९ कोटी पत्ते भरपूर होते. पुढे त्यांनीच अनेकदा सांगितलं आहे, की तो प्रयोग संपलाच नाही, तोच खरा इंटरनेट होऊन बसला. १९८१ साली नियम छापून आले तेव्हा जगाची लोकसंख्या साधारण ४५० कोटी होती. म्हणजे त्या दिवशीही माणशी एक पत्ता पुरला नसता. पण माणशी एक पत्ता लागेल, हे तेव्हा कुणाच्या मनातही नव्हतं. तेव्हा संगणक विद्यापीठांत आणि लष्कराकडे असायचे, माणसांच्या खिशात नव्हे.

कुठला आकडा कुणाला दिला याची नोंद कॅलिफोर्नियातले जॉन पोस्टेल ठेवायचे. ज्याला पत्ते हवेत त्यानं कळवायचं, इकडून तुकडा द्यायचा. जमीन मोकळी होती आणि मागणारे मोजके. मागायला आधी कोण पोचलं, एवढाच प्रश्न होता.

आपण कधी पोचलो? विदेश संचार निगमनं सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं १५ ऑगस्ट १९९५ ला. त्याच्या दोन वर्षं आधीच जगानं मोठे तुकडे वाटण्याची पद्धत बंद करून गरजेपुरतं मोजून द्यायला सुरुवात केली होती. आपण पंगतीला बसलो तेव्हा वाढपी हात आखडता घ्यायला लागले होते.

*

आज हे वाटप कसं चालतं? सगळ्यांत वर आयाना नावाची व्यवस्था आहे. पोस्टेल यांच्या वहीचंच ते मोठं झालेलं रूप. पोस्टेल १९९८ च्या ऑक्टोबरमध्ये गेले आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या आयकॅन या संस्थेकडे ही जबाबदारी आली. आयाना पत्त्यांचे मोठे तुकडे पाच प्रादेशिक नोंदणी संस्थांना देते. उत्तर अमेरिकेची एक, युरोप आणि पश्चिम आशियाची एक, लॅटिन अमेरिकेची एक, आफ्रिकेची एक, आणि आपली आशिया-पॅसिफिकची एपनिक. तिचं कार्यालय ऑस्ट्रेलियात, ब्रिस्बेनला. एपनिकच्या खाली भारतासाठी २०१२ पासून आयआरआयएनएन ही राष्ट्रीय नोंदणी संस्था आहे. तिच्याकडून इंटरनेट कंपनीला, आणि कंपनीकडून तुम्हाला.

या साखळीत कुठेही मालकी नाही. सातबाऱ्यासारखा उतारा मिळत नाही. तुमची गरज दाखवा, वार्षिक शुल्क भरा, आणि नोंदवहीत तुमच्या नावासमोर हे आकडे लिहिले जातील, एवढाच करार. ही नोंद मान्य करणारे हजारो नेटवर्क जगभर आहेत, म्हणून ती खरी.

३१ जानेवारी २०११ ला आयानानं दोन मोठे तुकडे एपनिकला दिले. त्यानंतर फक्त पाच उरले. आधी ठरल्याप्रमाणे ३ फेब्रुवारीला मायामीत छोटेखानी समारंभ करून पाचही संस्थांना एकेक वाटून टाकले. आयानाचं कोठार रिकामं झालं. एपनिकच्या वाट्याला आला तो १०३ नं सुरू होणारा तुकडा. आशियात मागणी इतकी होती, की १५ एप्रिल २०११ लाच एपनिकचा बाकीचा साठा आटला आणि या शेवटच्या तुकड्याला हात लावायची वेळ आली. तेव्हा नियम झाला की यातून एका सदस्याला जास्तीत जास्त १,०२४ पत्ते मिळतील, मग तो कितीही मोठा असो. २०१९ मध्ये ही मर्यादा ५१२ वर आली.

मघाशी ब्राउझरनं दाखवलेला तुमचा आकडा १०३ नं सुरू होत असेल, तर तो बहुधा त्या शेवटच्या कोठारातला आहे. आमच्या गावात सगळ्यांचा १०३ नंच सुरू होतो.

*

आमचं गाव म्हणजे सोलापूर जिल्ह्यातलं तालुक्याचं ठिकाण. तिथे इंटरनेट येतं ते केबलवाल्या काकांकडून. लहानपणी ते टीव्हीची केबल जोडायचे आणि महिन्याच्या पाच तारखेला पैसे न्यायला यायचे. मग डिश आल्या, धंदा बसला. काकांनी फायबर ओढायला सुरुवात केली, दूरसंचार खात्याचा सगळ्यांत लहान वर्गाचा परवाना काढला आणि २०२० मध्ये स्वतःचे पत्ते घेतले. पाचशे बारा.

दिवाळीत मी त्यांच्या गाळ्यात जाऊन बसले होते. शेजारी डेअरी, आत एसीची गार हवा, एका कपाटात लुकलुकणारी यंत्रं. मी विचारलं, "काका, पाचशे बारा पत्त्यांत भागतं कसं?"

"निम्मे तर असेच जातात," काका म्हणाले. बँकांच्या शाखा, साखर कारखाना, दोन दवाखाने, यांना कायमचा स्वतंत्र पत्ता लागतो आणि ते त्याचे वेगळे पैसे देतात. काही पत्ते शेजारच्या दोन तालुक्यांना. "गावातल्या घरांना बत्तीस ठेवलेत. कनेक्शनं साडेतीन हजार. आता बत्तीस पाटांवर साडेतीन हजारांची पंगत बसवायची म्हणजे काय करणार? एका पाटावर शंभर."

एका पत्त्यावर शंभर घरं बसवायची युक्ती जुनी आहे. तुमच्या घरातला राउटर तेच करतो. पाच फोन, एक टीव्ही आणि बाहेर एकच पत्ता. काकांचं यंत्र तेच काम गावाच्या पातळीवर करतं. यासाठी घर आणि कंपनी यांच्यामध्ये वापरायला १००.६४ नं सुरू होणारा खास पट्टा २०१२ साली राखून ठेवला गेला. बाहेरच्या प्रत्येक पत्त्याला ६५ हजारांवर पोर्ट असतात. पोर्ट म्हणजे चाळीतला खोली नंबर समजा. चाळीचा पत्ता एक, खोल्या अनेक. फरक इतकाच, की या चाळीत खोली नंबर दर काही मिनिटांनी बदलतो. मघाशी सतरा नंबरात जोशी होते, आता शेख आहेत. कोण कधी कुठल्या खोलीत होतं हे फक्त काकांच्या यंत्राला माहीत. परवान्याच्या अटीप्रमाणे त्याची नोंदही काकांनाच ठेवावी लागते.

ही युक्ती इतकी बेमालूम चालते, की व्हिडिओ बघताना, पैसे पाठवताना कुणाला काही जाणवत नाही. जाणवतं ते वेगळ्याच वेळी.

*

माझी मावसबहीण गावातल्या अभ्यासिकेत बसते. दीडशे मुलं-मुली, महिना सहाशे रुपये, लाकडी कप्पे, आणि फुकट वाय-फाय. गेल्या वर्षी एका भरतीचा अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी तिचा फोन आला. "ताई, साइट मला आत घेत नाहीये. तुमच्या पत्त्यावरून संशयास्पद हालचाल होतेय, असं इंग्रजीत लिहून येतंय. मी काय केलंय?"

तिनं काहीच केलं नव्हतं. संध्याकाळपासून अभ्यासिकेतली बरीच मुलं तीच साइट उघडत होती. साइट हळू होती म्हणून पुन्हा पुन्हा रिफ्रेश करत होती. त्याच पत्त्यावर आणखी शंभर घरं होती, त्यांतल्याही काही घरांत तोच अर्ज भरला जात असणार. तिकडच्या सर्व्हरला दिसत होता एकच आकडा, आणि त्या एका आकड्यावरून मिनिटाला शेकडो विनंत्या. त्याला शिकवलेलं होतं की असं झालं म्हणजे कुणीतरी हल्ला करतंय. त्यानं दार लावून घेतलं.

तिला वाय-फाय बंद करून फोनचा डेटा वापरायला सांगितलं. डेटा संपला होता. रिचार्ज केलं. रात्री अकरा वाजून चाळीस मिनिटांनी अर्ज गेला. तिच्या शेजारच्या कप्प्यातल्या मुलाचा गेला नाही. तो दुसऱ्या दिवशी अभ्यासिकेत आला नाही, आणि परत आलाच नाही, असं तिनं नंतर सांगितलं. अर्ज राहिला म्हणून की आणखी कशामुळे, तिला माहीत नाही.

ज्यानं तो नियम लिहिला त्याला मी ओळखत नाही, पण तो कसा विचार करतो ते ओळखते, कारण माझं कामही तेच आहे. आमच्या टीममध्ये नको त्या विनंत्या अडवायचे नियम लिहिले जातात. एका मीटिंगमध्ये पडद्यावर तक्ता होता, सगळ्यांत जास्त विनंत्या करणारे वीस पत्ते. एकानं सुचवलं, हे वीस सरळ बंद करू. मी ते वीस पत्ते कुणाच्या नावावर नोंदलेत ते शोधून सगळ्यांसमोर वाचलं. त्यांतले बरेच भारतातल्या आणि बांगलादेशातल्या लहान इंटरनेट कंपन्यांचे होते. मी विचारलं, या प्रत्येकामागे किती माणसं आहेत? कुणालाच सांगता आलं नाही. शेवटी नियम असा ठरला, की फक्त पत्ता पाहून कुणालाही बंद करायचं नाही. लॉग-इन, ब्राउझर, वागणूक असं आणखी काहीतरी पाहायचंच. काम दोन आठवडे लांबलं.

एक पत्ता म्हणजे एक माणूस, फार तर एक घर, हा अंदाज जिथे सुचला तिथे तो फारसा चुकीचा नव्हता. ज्या देशांत पत्ते मुबलक होते तिथे घरटी एक पत्ता खरोखर मिळायचा. तोच अंदाज कोडमध्ये लिहिला गेला, कोड जगभर पोचला, आणि उशिरा आलेल्यांच्या गावात गर्दी हाच गुन्हा ठरायला लागला.

*

अर्ज राहणं ही त्यातली सौम्य गोष्ट. ऑगस्ट २००७ मध्ये पुणे पोलिसांनी बंगळुरूच्या एका तरुण सॉफ्टवेअर इंजिनीअरला अटक केली. ऑर्कुटवर शिवाजी महाराजांबद्दल आक्षेपार्ह मजकूर टाकल्याचा आरोप होता. मजकूर कुठल्या आयपी पत्त्यावरून आला ते पोलिसांना कळलं होतं. तो पत्ता कुणाकडे होता ते इंटरनेट कंपनीनं कळवलं होतं. कंपनीनं कळवलेलं नाव चुकीचं होतं. तो मुलगा सुटेपर्यंत ५० दिवस तुरुंगात होता.

तेव्हा पत्ता आणि ग्राहक यांचा हिशोब आजच्या मानानं सोपा होता. आता काकांच्या गाळ्यातल्या नोंदींतून नेमकं घर शोधायचं, तर पत्ता, सेकंदापर्यंत वेळ आणि पोर्ट, तिन्ही हवं. वेबसाइटवाल्यांनी पोर्टही नोंदवावा अशी तांत्रिक शिफारस २०११ सालीच झाली आहे. अनेक साइट आजही तो नोंदवत नाहीत. म्हणजे चाळीचा पत्ता आहे, खोली नंबर नाही, आणि चौकशीची नोटीस निघालेली आहे.

अमेरिकेतही हे घडलं, जरा वेगळ्या तऱ्हेनं. कॅन्सस राज्यातल्या एका शेतघरावर अनेक वर्षं पोलीस, कर खात्याची माणसं आणि चिडलेले अनोळखी लोक येऊन धडकत होते. कुणी चोरीचा माल शोधत, कुणी पळून गेलेली मुलं. २०१६ मध्ये एका पत्रकार महिलेनं कारण शोधून काढलं. आयपी पत्त्यावरून जागा सांगणाऱ्या मॅक्समाइंड या कंपनीला ज्या पत्त्यांबद्दल 'अमेरिकेत कुठेतरी' एवढंच माहीत होतं, त्यांना तिनं देशाच्या मध्याजवळचा एक बिंदू देऊन टाकला होता. तो बिंदू या शेतघराच्या अंगणात पडत होता. ६० कोटींहून जास्त पत्ते त्या एका अंगणाकडे बोट दाखवत होते. कंपनीनं पुढे तो बिंदू हलवून एका तलावात नेला.

*

पत्ते संपले तशी त्यांना किंमत आली. नॉर्टेल ही कॅनडाची कंपनी दिवाळखोरीत निघाली, तेव्हा २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टनं तिचे ६ लाख ६६ हजार ६२४ पत्ते ७५ लाख डॉलरना घेतले. पत्त्याला सव्वाअकरा डॉलर. पुढच्या दहा वर्षांत भाव याच्या चौपटीवर गेला. हौशी रेडिओवाल्यांना १९८१ साली प्रयोगांसाठी ४४ नं सुरू होणारा अख्खा तुकडा मिळाला होता. त्यातला पाव भाग, म्हणजे सुमारे ४२ लाख पत्ते, २०१९ मध्ये अ‍ॅमेझॉनला दहा कोटींहून जास्त डॉलरना विकला गेला. आलेला पैसा रेडिओ आणि इंटरनेटच्या कामांसाठीच ठेवला आहे, पण रेडिओवाल्यांमध्ये यावरून भांडणं झाली. गायरानाचे प्लॉट पडले की गावात होतात तशीच. आणि १ फेब्रुवारी २०२४ पासून अ‍ॅमेझॉन आपल्या क्लाउडवरच्या अशा प्रत्येक पत्त्याला तासाला अर्धा सेंट आकारते. वर्षाला जवळपास ४४ डॉलर.

नियम अजूनही सांगतात की पत्ता ही मालमत्ता नाही. बाजार ऐकत नाही. एका पत्त्याला तीस डॉलर धरले, तरी काकांना घरटी एक पत्ता द्यायला एक लाखाहून जास्त डॉलर लागतील. एवढ्यात ते शेजारच्या तालुक्यात फायबर ओढतील. कुणी त्यांना पत्ते घ्या म्हणालं तर ते हसतील, आणि त्यांचं बरोबर असेल.

यावरचा उपाय मात्र शोधावा लागणार नाही. तो १९९५ सालीच कागदावर आला. १२८ बिटांचे पत्ते, आयपीव्ही६. यात एका घराला जो लहानात लहान तुकडा देतात, त्यात जुन्या इंटरनेटच्या एकूण पत्त्यांच्या ४२९ कोटी पट पत्ते असतात. एकाच पाटावर बसायची वेळच येत नाही. आणि इथे आपण मागे नाही. जिओनं २०१६ मध्ये सुरुवातच आयपीव्ही६ नं केली, इतर मोबाइल कंपन्याही आल्या, आणि आज हे नवे पत्ते वापरण्यात भारत जगातल्या आघाडीच्या देशांत आहे. जुनी जमीन मिळाली नाही म्हणून आपण नवी वसाहत लवकर उभारली.

अडतं ते समोरच्या बाजूला. अनेक साइट, त्यांत परीक्षांचे अर्ज घेणाऱ्याही, फक्त जुना पत्ता ओळखतात. तिथे जायचं म्हटलं की फोनलाही पुन्हा त्या दाटीवाटीच्या चाळीतूनच जावं लागतं. नव्या पत्त्यांनी सगळे प्रश्न सुटतील असंही नाही. घराला स्वतःचा पत्ता मिळाला की घर ओळखणं सोपं होतं. फोन ठरावीक काळानं पत्त्याचा शेवटचा भाग बदलतात ते त्यासाठीच. आणि घर ओळखलं तरी घरातलं नेमकं कोण, हे आकड्यावरून कळणार नाहीच. पत्त्याचं काम उत्तर परत आणण्याचं आहे. साक्ष देण्याचं काम आपण त्याच्यावर नंतर लादलं.

काकांना आयपीव्ही६ चा तुकडा मिळून बरीच वर्षं झालीत. सुरू का करत नाही विचारलं, तर म्हणाले, गावातले निम्मे राउटर जुने आहेत, एकेका घरी जाऊन बदलावे लागतील, आणि तक्रार आली की लोक मलाच फोन करणार. मी बहिणीच्या अर्जाची गोष्ट सांगितली. ते थोडा वेळ गप्प बसले. मग त्यांनी पोराला हाक मारून विचारलं, अभ्यासिकेतला राउटर कुठल्या सालचा आहे रे?

मार्चमध्ये तो बदलला. बहीण आता तिथून कुठलीही साइट उघडली की आधी मला स्क्रीनशॉट पाठवते, पत्ता लांबलचक आहे की आखूड. अर्जाची ती साइट अजून आखूडच दाखवते.